अंगावर येणारा सिनेमा : नवख्या प्रेक्षकासाठी वाटाड्या

चित्रपट संपतो, श्रेयनामावली सरकू लागते आणि आपण बसून राहतो. रडू आलेलं असतं, पण नेमकं कशाचं ते सांगता येत नाही. किंवा राग आलेला असतो आणि तो पात्राचा की दिग्दर्शकाचा हेच कळत नाही. किंवा काहीच वाटलेलं नसतं, आणि सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या चित्रपटाने आपल्याला कोरडं ठेवलं याचीच खंत लागते. आर्टहाउस म्हणा, समांतर म्हणा, कलात्मक म्हणा. या वाटेला नव्याने वळलेले बरेच जण इथेच अडतात. मग हात फोनकडे जातो. तिथे कुणीतरी 'अर्थ' समजावून ठेवलेला असतो. तो वाचून हायसं वाटतं, आणि आपल्याला जे वाटलं होतं ते तिथल्या तिथे पुसलं जातं.

माझा सगळा आग्रह त्या पुसल्या जाणाऱ्या गोष्टीसाठी आहे. पहिली प्रतिक्रिया कितीही ओबडधोबड असो, ती आधी जशीच्या तशी टिपून ठेवायची. मग ती कोणत्या दृश्यातून, कोणत्या आवाजातून आली ते शोधायचं. चित्रपट चांगला की वाईट, हे त्यानंतर. हा क्रम उलटा केला की दुसऱ्याचं मत आपल्या तोंडी येतं आणि चित्रपट मात्र हातून निसटतो. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १ : अवघडपणा कोणत्या जातीचा आहे ते आधी पाहा

'जड सिनेमा' या एका शिक्क्याखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. काही चित्रपट संथ असतात. गोष्ट साधी असते, पण वेळ लागतो. काहींत गोष्टच तुटक असते, काळ पुढे-मागे होतो, स्वप्न कुठलं आणि खरं कुठलं ते सांगितलं जात नाही. काही चित्रपट क्रौर्य दाखवतात. आणि काही अगदी सरळ, शांत असतात, फक्त त्यातलं दुःख सोसवत नाही. संथपणा सहज पेलणारा माणूस हिंसेपुढे कोलमडू शकतो, आणि उलटही होतं. म्हणून 'मला असले चित्रपट झेपत नाहीत' असं म्हणण्याआधी यातलं नेमकं काय झेपत नाही ते ठरवा.

सुरुवात शेवटच्या जातीपासून करावी असं मला वाटतं. व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) दीड तासाचा आहे. युद्धानंतरच्या रोममध्ये एका माणसाची सायकल चोरीला जाते, तिच्यावर त्याची नोकरी अवलंबून आहे, आणि तो लहान मुलाला घेऊन ती शोधत फिरतो. समजायला अवघड असं त्यात काहीच नाही, तरी शेवटाला पोचेपर्यंत घशात आवंढा येतो. त्यानंतर सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) किंवा यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) घ्या. बेला तार यांचा सात तासांहून लांब 'सातांतांगो' (१९९४) किंवा क्लोद लांझमान यांचा नऊ तासांहून मोठा माहितीपट 'शोआ' (१९८५) ही थोर कामं आहेत, पण पहिल्याच महिन्यात त्यांना भिडायची काहीच गरज नाही.

चित्रपटात काय प्रकारचा त्रास आहे हे आधी माहीत करून घेण्याला कमीपणा मानू नका. लैंगिक हिंसा, आत्महत्या, मुलांचा मृत्यू, प्राण्यांवरचे अत्याचार यांपैकी ज्याने तुम्हाला खोलवर त्रास होतो ते त्यात आहे का, एवढं विचारून घ्यावं. कथानक कळल्याने असा चित्रपट क्वचितच बिघडतो. बेसावध गाठल्यामुळे तो कायमचा नकोसा होणं मात्र सहज घडतं.

पायरी २ : वेळ आणि जागा

याबद्दल थोडक्यात. सलग पाहा, अंधारात पाहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. थिएटरात मिळत असेल तर थिएटरातच. लांबी आधी बघून घ्या, म्हणजे 'अजून किती राहिलं' हा प्रश्न डोक्यात घोळत राहत नाही. सबटायटल्स वाचायची सवय नसेल तर पहिली वीस मिनिटं सगळं लक्ष खालच्या ओळीतच जातं. ते पुढे आपोआप कमी होतं, पण आपल्या भाषेतला एखादा चित्रपट आधी पाहिला तर चेहऱ्यांकडे बघायची सवय लवकर लागते. संपल्यावर लगेच कुठे जायचं आहे, कुणाचा फोन यायचा आहे, अशा वेळी असा चित्रपट लावू नका. नंतरचा अर्धा तास चित्रपटाच्याच हिशेबात धरा.

पायरी ३ : कंटाळा आला तर त्याच्यासोबत बसा

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कंटाळ्याची वाटते, आणि सगळ्यात जास्त अपराधीपणाही त्याचाच. दृश्य संपत नाही, कुणी बोलत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. अशा वेळी मनात पहिला विचार येतो, 'यात काहीतरी खोल आहे आणि मला कळत नाहीये.' हा विचार बाजूला सारा. त्याने कंटाळा जात नाही, उलट आपण दृश्याऐवजी स्वतःकडेच बघू लागतो. त्याऐवजी चौकटीत काय काय आहे ते मनात मोजायला लागा. खिडकी कुठे आहे, उजेड कुठून येतो, बाहेरून कसले आवाज येतात, माणूस आत्ता काय करतोय आणि मघाशी काय करत होता.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शांताल आकेरमान यांचा 'जान दिलमान' (१९७५). तीन तास एकवीस मिनिटांचा चित्रपट, ब्रसेल्समधली एक विधवा आई, तिचे तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, पांघरुणाची घडी घालते, मुलाला जेवू घालते. दुपारी घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेते, तेही बाकीच्या कामांसारखंच एक काम म्हणून. कॅमेरा हलत नाही आणि कामं पूर्ण वेळ घेऊन चालतात. पहिला तास कंटाळा येणारच. पण त्या तासात नकळत आपल्याला तिचा दिनक्रम पाठ होतो. दिवा कधी मालवायचा, झाकण कुठे ठेवायचं, सगळं. आणि दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. एवढंच होतं. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात ही घटना सुद्धा धरली नसती. इथे मात्र पोटात खड्डा पडतो, कारण या बाईच्या बाबतीत असं होत नाही हे आता आपल्याला तिच्याइतकंच माहीत असतं. कंटाळा सोसला नसता तर ही भीती वाट्यालाच आली नसती. शेवट सांगत नाही. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाने समीक्षकांकडून मागवलेल्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत हाच चित्रपट पहिला आला.

म्हणजे प्रत्येक कंटाळा फलदायी असतो असं नाही. काही चित्रपट नुसतेच रेंगाळतात. फरक ओळखायची एक खूण सांगतो. कंटाळा आलेला असताना तुमची नजर चौकटीत फिरत असेल, बारीकसारीक गोष्टी दिसत असतील, तर चित्रपट काम करतोय. नजर सारखी चौकटीबाहेर जात असेल आणि पाऊण तासानंतरही परत येत नसेल, तर आज तो तुमच्यासाठी नाही. डुलकी लागली तर लाजू नका. अब्बास कियारोस्तामींसारख्या दिग्दर्शकाने तर प्रेक्षकाला झोप लागू देणाऱ्या चित्रपटांची बाजू उघडपणे घेतली होती. त्यांचा जीव अशा चित्रपटांवर होता, जे नंतर कित्येक रात्री झोपू देत नाहीत.

पायरी ४ : नावं सरकत असतानाच टिपून ठेवा

चित्रपट संपला की कुणाचंही काहीही वाचण्याआधी, सोबतच्या माणसाला 'कसा वाटला?' विचारण्याआधी, कागदावर चार-पाच ओळी लिहा. वाक्यं नीट नसली तरी चालतील. शरीराला काय झालं त्यापासून सुरू करा: घसा दाटला, दात आवळले गेले, मळमळलं, हसू आलं, पाय हलत राहिला. शरीर इथे मनापेक्षा प्रामाणिक असतं. 'हा चित्रपट व्यवस्थेवरचं भाष्य आहे' हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलेलं असतं. 'ती दार लावते तेव्हा मला श्वास घेता येईना' हे मात्र फक्त आपलं असतं.

त्यानंतर क्षण लिहा. कोणता प्रसंग, कोणती हालचाल, कोणता आवाज डोळ्यांसमोर राहिला आहे? बहुतेक वेळा तो मोठा, नाट्यमय प्रसंग नसतो.

आणि एक ओळ मुद्दाम अशी लिहा: 'मला असं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.' पहिल्या दिवसापासून ही ओळ लिहिणाऱ्याला आपण कुठे दिखाऊ प्रतिक्रिया देतो ते फार लवकर कळतं. गुण, तारे, दहापैकी किती, हे त्या रात्री नकोच.

पायरी ५ : ठिणगी कुठे पडली ते शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि मला सगळ्यात प्रिय. दुसऱ्या दिवशी टिपण उघडा आणि एकेका प्रतिक्रियेला विचारा: ही पडद्यावरच्या कशातून आली? दिग्दर्शकाने नेमकं काय दाखवलं, काय झाकलं, किती वेळ दाखवलं, काय ऐकवलं?

'पथेर पांचाली'त घरातली मुलगी दुर्गा मरण पावल्यानंतर वडील परगावाहून परततात. त्यांना काहीच माहीत नाही. घरच्यांसाठी आणलेल्या वस्तू ते एकेक करून काढतात आणि दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या, हातात देतात. सर्वजया कोसळते. हे पाहून रडू आलं असेल तर पुन्हा तेवढंच दृश्य लावा आणि या वेळी कान देऊन ऐका. तिचा हंबरडा ऐकूच येत नाही. तिचं तोंड उघडं आहे, पण त्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचे तीव्र स्वर येतात. आवाज आपल्या आतून उमटतो, आणि आतून उमटलेला आवाज कुठल्याही अभिनेत्रीच्या किंकाळीपेक्षा मोठा असतो. हे कळल्यावर दृश्याची ताकद कमी होईल अशी अनेकांना भीती वाटते. माझा अनुभव उलटा आहे. कसं केलंय हे माहीत असूनही ते दृश्य दर वेळी तेवढंच आत जातं, आणि आता त्यात त्या माणसांच्या कामाबद्दलचा आदरही मिसळलेला असतो.

ऋत्विक घटक यांच्या 'मेघे ढाका तारा'त (१९६०) याच्या उलट वाट आहे. फाळणीने उखडलेल्या कुटुंबाला नीता आपल्या पगारावर ओढते आणि झिजत जाते. तिच्यावर आघात होतो तेव्हा पार्श्वभूमीला चाबकाचे फटकारे ऐकू येतात. वास्तवात तिथे चाबूक नाही. काहींना हे फार भडक वाटतं, काहींच्या पाठीवर तो फटका खरंच बसतो. तुमचं काय झालं ते लिहा. दोन्ही उत्तरांतून चित्रपटाबद्दलही कळतं आणि तुमच्याबद्दलही.

तिसरं उदाहरण रोबेर ब्रेसाँ यांचा 'ओ आझार बाल्थाझार' (१९६६). नायक गाढव आहे. माणसं त्याला विकत घेतात, राबवतात, मारतात. गाढवाच्या चेहऱ्यावर भाव नसतात आणि ब्रेसाँ नटांकडूनही भाव काढून घेत. वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायला लावून त्यातला अभिनय ते घासून टाकत. मग शेवटी एवढं का तुटतं? कारण चित्रपट आपल्यासाठी रडायची जागा भरून ठेवत नाही. ती रिकामी राहते आणि आपण तिथे आपलं सगळं ओततो. कोणता चेहरा कशानंतर येतो यावर आपण त्यात भाव वाचतो, हे सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं होतं. ब्रेसाँच्या चित्रपटात ते तत्त्व दीड तास आपल्यावर चालवलं जातं.

प्रतिक्रिया नेहमी भावनाच असेल असं नाही, कधी ती नुसता प्रश्न असते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालतो. एका गटारसफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा आरोप आहे. सुट्टी लागते, न्यायालय रिकामं होतं, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. संपला असं वाटून आपण उठायच्या बेतात असतो आणि चित्रपट थेट न्यायाधीशांच्या सहलीला जातो. 'हे कशाला?' असं तुम्ही टिपणात लिहिलं असेल तर त्या प्रश्नाला 'मला कळलं नाही' म्हणून खोडू नका. हाच प्रश्न धरून बसा. ते सहलीला आहेत तेवढ्या वेळात तो म्हातारा शाहीर कुठे आहे? उत्तर चित्रपट देत नाही, आणि आपण विचारल्याशिवाय ते कळतही नाही.

पायरी ६ : रागाचे धागे वेगळे करा

राग आला की नवखा प्रेक्षक 'भिकार आहे' म्हणून मोकळा होतो. तसं म्हणायचा हक्क आहेच. पण त्याआधी राग कुणावर आहे ते तपासा.

तो पात्रावर असू शकतो. परिस्थितीवर असू शकतो. किंवा चित्रपटाने मुद्दाम तुमच्यावर उलटवलेला असू शकतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या (२०१३) शेवटी गावाने जातीवरून हिणवलेला किशोरवयीन जब्या भिरकावतो तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. तोवर आपण त्याच्या बाजूने असतो, त्याच्यावर हसणाऱ्यांचा आपल्याला संताप आलेला असतो, आणि अचानक दगड आपल्याकडे येतो. इथे अस्वस्थ व्हायला झालं, 'मी काय केलं?' असं वाटलं, तर तो राग लपवू नका. त्या अस्वस्थतेचं काय करायचं ते प्रत्येकाने आपलं ठरवावं, पण ती दगडाच्या दिशेतून आली हे मान्य करूनच.

मिखाएल हानेके यांचा 'फनी गेम्स' (१९९७) याहून पुढे जातो. दोन तरुण एका कुटुंबाला ओलीस धरून छळतात आणि त्यातला एक मध्येच प्रेक्षकाकडे बघून बोलतो. एका ठिकाणी आपण ज्याची वाट पाहत असतो ते घडतं, आणि तो रिमोट उचलून घडलेलं मागे फिरवतो. संताप येतो, आणि तो यावा म्हणूनच ते केलं आहे. पडद्यावरची हिंसा मजेने पाहणाऱ्याला जाब विचारायचा दिग्दर्शकाचा हेतू आहे. हा हेतू कळल्यावरही 'मला असं वागवून घ्यायचं नाही' असं कुणी म्हणालं तर ते उत्तर मला पूर्ण वैध वाटतं. हेतू समजला म्हणून चित्रपट माफ करायचं बंधन आपल्यावर नाही.

आणि कधीकधी राग चित्रपट कसा बनवला यावर असतो. 'लास्ट टँगो इन पॅरिस'मधल्या (१९७२) बळजबरीच्या दृश्यातला एक तपशील मारिया श्नायडर यांना आगाऊ सांगितलेला नव्हता, हे दिग्दर्शक बेर्नार्दो बेर्तोलुची यांनी पुढे स्वतः सांगितलं. आपल्याला किती अपमानित वाटलं हे श्नायडर यांनी २००७ मध्ये मुलाखतीत बोलून दाखवलं होतं. असं दृश्य पाहताना 'इथे काहीतरी चुकतंय' असं ज्या प्रेक्षकाला वाटलं, त्याला कलेची समज कमी आहे असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अस्वस्थता कधी चित्रपटाचं यश असते, कधी त्याच्यावरचा आक्षेप. ती कोणती आहे हे थोर नावं पाहून ठरत नाही.

पायरी ७ : काहीच वाटलं नाही तर

तसं लिहून ठेवा आणि वाट पाहा. 'टोकियो स्टोरी'मध्ये म्हातारे आई-वडील मुलांकडे येतात, मुलं कामात असतात, कुणीही उघड दुष्टपणे वागत नाही. कॅमेरा जमिनीलगत बसलेल्या माणसाच्या उंचीवर थांबून असतो, आणि माणसं निघून गेल्यावरही रिकाम्या खोल्या दिसत राहतात. कुठलंच दृश्य रडायला सांगत नाही, त्यामुळे पाहताना अनेकांना काही होत नाही. मग काही दिवसांनी घरी फोन करताना 'कामात आहे, नंतर बोलतो' असं आपल्या तोंडून निघतं आणि चित्रपट तेव्हा पोचतो. अशा उशिराने आलेल्या प्रतिक्रिया टिपणात तारखेसकट जोडा.

सुन्न होणं हे वेगळं. एलेम क्लिमोव्ह यांचा 'कम अँड सी' (१९८५) पाहून अनेक जण रडत नाहीत, फक्त गप्प होतात. १९४३ चा बेलारूस, नाझींनी जाळलेली गावं, आणि ते पाहणारा किशोरवयीन फ्ल्योरा. बॉम्ब पडल्यावर त्याच्या कानात दडे बसतात आणि बराच वेळ आपल्यालाही तोच घुमणारा आवाज ऐकू येतो. एवढं सोसल्यावर मन दार लावून घेतं. त्याला कोरडेपणा म्हणू नका, आणि त्याच रात्री दुसरं काही पाहायला बसू नका.

पायरी ८ : आपलंच दुःख मध्ये आलं तर

भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या भाष्यात अभिनवगुप्तांनी रसाच्या, म्हणजे कलेच्या आस्वादाच्या, आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक असं की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असतो, म्हणून समोरचं नाटक त्याच्यापर्यंत पोचत नाही. नुकतंच घरातलं कुणी गेलं असेल आणि पडद्यावर तसंच आजारपण चालू असेल, तर आपण चित्रपट पाहतच नसतो, आपलं रुग्णालय पाहत असतो. त्यात चूक काही नाही. पण अशा वेळी चित्रपटाबद्दल मत बनवू नका, आणि शक्य असेल तर तो चित्रपट पुढे ढकला.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना इथे उपयोगी पडते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडत नाही. एकाच वेळी दोन्ही असणं, यात आनंद आहे. त्यांनी हे वाङ्मयाबद्दल म्हटलं. मला ते अवघड सिनेमाला तंतोतंत लागू वाटतं. आपण पूर्ण बाहेर राहिलो तर काहीच होत नाही. पूर्ण आत गेलो आणि परतीची वाट दिसेनाशी झाली, तर तो रसास्वाद राहत नाही, नुसता त्रास होतो.

परतीची वाट दिसेनाशी झाली तर काय करायचं ते नीट सांगतो. चित्रपट थांबवा. अर्धवट सोडण्यात कसलाही कमीपणा नाही, तो उद्याही तिथेच असेल. दिवा लावा, उभे राहा, पाणी प्या, खोलीतल्या वस्तूंची नावं मनात घ्या, पाय जमिनीवर टेकलेत याकडे लक्ष द्या. थिएटरात असाल तर नजर पडद्यावरून काढून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे न्या, किंवा सरळ बाहेर पडा. जवळच्या माणसाला फोन करा आणि चित्रपटाबद्दल न बोलता तुमच्याबद्दल बोला. दृश्यं पुढेही अनेक दिवस डोळ्यांसमोर येत राहिली, झोप उडाली, जुनी जखम उघडली असं वाटलं, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर ते एकट्याने सोसू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, आणि असे विचार येत असतील तर वाट न पाहता लगेच. कुठल्याही चित्रपटापेक्षा हे मोठं आहे.

पायरी ९ : आता वाचा, आता बोला

टिपण झालं, एक रात्र गेली, की खुशाल वाचा. परीक्षणं वाचा, मुलाखती वाचा, चित्रपट कुठल्या काळात बनला ते शोधा. फक्त वाचताना आपलं टिपण शेजारी उघडं ठेवा. समीक्षकाला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नसेल तर पुन्हा पाहून खात्री करा, आणि तुम्हाला दिसलेलं कुणीच लिहिलं नसेल तरी ते खोडू नका.

पहिल्या प्रतिक्रियेचं पुढे काय होतं याचं एक उदाहरण लक्षात ठेवा. मिकेलांजेलो अंतोनिओनी यांच्या 'लाव्हेंतुरा'त एक तरुणी बेटावर नाहीशी होते, शोध सुरू होतो, हळूहळू विरतो, आणि ती शेवटपर्यंत सापडत नाही. १९६० मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दिग्दर्शकाच्या बाजूने अनेक चित्रपटकर्मी आणि समीक्षकांनी निवेदन काढलं, त्याच महोत्सवात चित्रपटाला ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि दोनच वर्षांत 'साइट अँड साउंड'च्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर पोचला. हुर्यो उडवणारे मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. गोष्टीने वचन दिलं आणि पाळलं नाही, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं. फक्त ते न पाळणं हाच चित्रपटाचा विषय आहे, इथवर ते त्या संध्याकाळी पोचले नाहीत.

मित्रांशी बोलताना 'अर्थ काय?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. 'तू कुठे हललास?' असं विचारा. दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी काहीतरी झालेलं असतं आणि गप्पा तिथून सुरू होतात. कुणी रडलं म्हणून त्याला हसू नका, कुणी रडलं नाही म्हणून त्याला जोखू नका. आणि आवडला नसेल तर 'मला आवडला नाही, कारण अमुक ठिकाणी अमुक झालं' असं स्पष्ट सांगा. 'मला कळला नाही' या वाक्याआड लपू नका, ते अनेकदा खरं नसतं.

पायरी १० : दुसऱ्यांदा

लगेच पाहू नका. मध्ये हलकंफुलकं, तुम्हाला मनापासून आवडणारं काहीही पाहा. एकामागून एक अवघड चित्रपट पाहिले की पाचव्याला काही पोचेनासं होतं. दुसऱ्यांदा पाहताना गोष्ट माहीत असते, त्यामुळे पुढे काय होणार या घाईत निसटलेल्या गोष्टी दिसतात: कोण गप्प होतं, कॅमेरा कुणाकडे बघायचं टाळत होता, संगीत कधी थांबलं. काही चित्रपट मात्र एकदाच पुरतात. 'कम अँड सी' पुन्हा पाहायला हवा असं मी कुणालाही सांगणार नाही.

ज्या चित्रपटांकडे परतायचं आहे त्यांच्या टिपणाखाली अर्धं पान कोरं सोडा. पुढच्या वेळची प्रतिक्रिया तिथे लिहा, तारीख घाला, आणि वरचं पहिलं टिपण दुसऱ्यांदा पाहून झाल्यावरच वाचा. आधी वाचलं तर तेच शोधत बसाल.